ट्रोम्सोचा हिरवा, होबार्टचा लाल

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात रात्री नाचणारा रंगीत उजेड, बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला गेलो तेव्हा पहिल्याच रात्री आकाशात पांढरट पट्टा बघून मी किंचाळले, तर नवरा म्हणाला, अगं तो ढग आहे. ढग नव्हता तो! गाईडने मिनीबस थांबवली, उणे अठरा, नाकातले केस गोठलेले, आणि दहा मिनिटांत तोच पट्टा हिरवागार होऊन डोक्यावर असा काही सळसळायला लागला की मान कुठे वळवावी तेच कळेना. मधूनच खालच्या कडेला गुलाबी झालर. ढगांना चुकवत चुकवत आम्ही पार फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीपर्यंत पोचलो होतो, सरहद्द कधी ओलांडली तेही कळलं नाही.

मग नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं, की उत्तरेचा झाला आता दक्षिणेचा बघायचा. मला वाटलं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयाला जाऊ, ५५ अंश दक्षिण म्हणजे ध्रुवाच्या बरंच जवळ की! पण तसं नसतं. ऑरोराचं कडं भूगोलातल्या ध्रुवाभोवती नाही, चुंबकीय ध्रुवाभोवती असतं आणि दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला सरकलेला आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं, ४३ अंशांवरचं होबार्ट उशुआयापेक्षा कितीतरी चांगलं. आणि अंटार्क्टिकाच्या क्रूझ जातात नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा बहुतेक काळ तिथे धड रात्रच होत नाही, मग दिसणार काय कप्पाळ. खरी मजा मैत्री आणि भारती या आपल्या स्टेशनांवर हिवाळाभर राहणाऱ्यांची, पण तिथे आम्हाला कोण घेणार.

तर होबार्ट. आम्ही उतरलो १४ मे २०२४ ला. म्हणजे १०-११ मेचं ते प्रचंड सौर वादळ होऊन तीन दिवस झाल्यावर! जो भेटेल तो मोबाईल काढून त्या वादळाने पेटलेल्या ऑरोराचे फोटो दाखवतोय. त्यात कळलं की लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतूनही आकाश लाल दिसलं. एवढा खर्च करून इथे आलो आणि ते घरच्या अंगणात येऊन गेलं, काय बोलणार.

तिसऱ्या रात्री होबार्टजवळच्या साउथ आर्मला, गोट ब्लफ या कड्यावर गेलो. समोर नुसता समुद्र, त्यापुढे थेट अंटार्क्टिका, आणि वारा असा की थर्मासचं झाकण उडालं ते गेलंच. अर्धा चंद्र मावळेपर्यंत मध्यरात्र उलटली. क्षितिजाजवळ राखाडी उजेड, त्यात उभे अंधुक खांब, हळूहळू सरकणारे. नवरा म्हणाला आलं आलं, मी म्हटलं अरे तो ढग आहे. मोबाईलवर दहा सेकंदांचा फोटो काढला तर लालभडक!

लाल का, ते तिथेच बसून डोक्यात शिरलं. ट्रोम्सोला आपण पडद्याच्या बरोबर खाली उभे असतो, इथे कितीतरी लांबून आडवं बघतो. हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा, तो पृथ्वीच्या गोलाईआड दडतो, आणि २०० च्या वरचा लाल तेवढा डोकं वर काढतो. दोन्ही ऑक्सिजनच, फक्त उंची वेगळी. अंधारात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत म्हणून आम्हाला राख दिसली.

बरं, दोन्हीकडचे ऑरोरा एकमेकांचे आरसे असतात असं पूर्वी मानायचे, कारण ऑरोरा पेटवणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या एकाच चुंबकीय रेषेच्या दोन्ही टोकांना उतरतात. जपानचं अंटार्क्टिकातलं स्योवा स्टेशन आणि आइसलंड ही तशीच जोडी, तिथे दोन्हीकडून एकाच वेळी बघतात. पण १२ मे २००१ चे दोन्ही ध्रुवांचे उपग्रह-फोटो तपासून नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की तेजस्वी ठिपके उत्तरेला एका बाजूला आणि दक्षिणेला भलत्याच बाजूला होते. म्हणजे जुळे, पण चेहरे वेगळे.

तमाशा बघायचा असेल तर ट्रोम्सो, वादच नाही. पण होबार्टचं आकाश मला जास्त आवडलं, त्रिशंकू उंचावर, अगस्त्य तर तिथे मावळतच नाही, आणि साध्या जॅकेटवर भागतं.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. आईचा रिप्लाय आला, सूर्यास्त छान आलाय.