रेष दिसली म्हणजे नाही

लॅबमध्ये माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची पहिली गफलत ठरलेली. लघवीत पट्टी बुडवायची, पाच मिनिटं डोळे लावून बसायचं आणि मोठ्यानं जाहीर करायचं, "ताई, दोन रेषा आल्या. पॉझिटिव्ह!" त्यांना तरी काय बोलणार? गर्भधारणेची पट्टी डोक्यात पक्की बसलेली असते, तिथं दोन रेषा म्हणजे गोड बातमी. ओपिएटच्या, म्हणजे मॉर्फिनसारखी अफूची औषधं शोधणाऱ्या पट्टीवर दोन रेषा म्हणजे काही सापडलं नाही. 'टी'ची, म्हणजे तपासणीची रेष उमटलीच नाही, तर पॉझिटिव्ह.

उलटं का, ते मी गर्दीच्या बसचं उदाहरण देऊन सांगते. पट्टीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेल्या, मॉर्फिन पकडणाऱ्या अँटिबॉडी असतात, रेषेचा लाल रंग त्या कणांचा. 'टी'च्या जागी मॉर्फिनसारखा रेणू आधीच चिकटवून ठेवलेला असतो, तो बसमधला वरचा दांडा समजा. लघवीत मॉर्फिन नसेल, तर अँटिबॉडी रिकाम्या हातानं येतात, दांडा धरतात, रेष उमटते. मॉर्फिन भरपूर असेल, तर दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसासारखी त्यांची गत होते. धरायला हात उरत नाही, त्या तशाच पुढे सरकतात. 'सी'ची, म्हणजे पट्टी चालते की नाही ते दाखवणारी रेष मात्र यायलाच हवी. ती नसेल तर पट्टी बाद, मग 'टी'कडे बघायचंसुद्धा नाही.

पुसट रेष ही आणखी एक डोकेदुखी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक पुसट रेष 'बहुतेक पॉझिटिव्ह' ठरवली होती. साहेबांनी रिपोर्ट माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, "दिसतेय की नाही, एवढंच सांग." दिसत होती. म्हणजे निगेटिव्ह. रेष किती गडद, यावरून औषध किती हे ठरवायचं नाही. आणि वेळ म्हणजे वेळ. तासाभरानं कचऱ्याच्या डब्यातली पट्टी उचलून पाहणाऱ्यांना मी ओरडते.

त्यातही 'निगेटिव्ह' म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक पट्टीला कट-ऑफ असतो, त्याच्या खाली ती निगेटिव्हच दाखवते. काहींचा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम, काहींचा २०००. लघवीत १२०० असेल, तर पहिली पट्टी पॉझिटिव्ह म्हणते आणि दुसरी निगेटिव्ह, नमुना तोच. अमेरिकेत सरकारी नोकरीतल्या तपासण्यांसाठी ३०० चा आकडा होता, १९९८ मध्ये तो २००० केला. मोठं कारण खसखस! अफूच्या बोंडातल्या चिकाचा अंश दाण्यांना लागलेला असतो, त्यामुळे खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत खरंखुरं मॉर्फिन येऊ शकतं. पट्टी खोटं बोलत नाही अशा वेळी. मॉर्फिन कुठून आलं, ते तिला कुणी विचारलेलंच नसतं.

तसाच कोडीनचा, अफूतल्याच दुसऱ्या औषधाचा प्रकार. नोकरीआधीच्या मेडिकलला आलेला एक मुलगा पॉझिटिव्ह निघाला आणि तिथंच रडायला लागला. दोन दिवस खोकल्याचं औषध घेत होता, त्यात कोडीन. शरीर कोडीनच्या काही भागाचं मॉर्फिनच करतं. आम्ही नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे नेमका कुठला रेणू किती ते सांगणाऱ्या तपासणीला पाठवला. तिथं कोडीन मॉर्फिनपेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि त्याच्या सांगण्याशी ते जुळलं. हेरॉइनची खूण वेगळी, सहा-मोनोअॅसिटिलमॉर्फिन नावाची. ती सापडली की वाद मिटतो. पण ती जेमतेम काही तास टिकते, मॉर्फिन दोन-तीन दिवस. त्यामुळे ती नाही मिळाली, म्हणून कुणी सुटत नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्ससुद्धा काही किटांवर फसवी पॉझिटिव्ह देतात. म्हणून नमुन्याची बाटली हातात देण्याआधी मी गोळ्यांची यादी मागते. माणसं "काही नाही" म्हणतात. मग "डोकेदुखीची? खोकल्याची?" असं एकेक विचारलं की चार नावं बाहेर पडतात.

फसवाफसवी दुसऱ्या बाजूनंही होते. ताजी लघवी चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान भरायला हवी. एकदा एका गृहस्थांनी हसत हसत बाटली दिली, तापमापी २४ वर. एवढी थंड लघवी फक्त पुतळ्याला होत असेल. पाणी घातलेला नमुना क्रिएटिनिन (लघवीत एरवी असणारा टाकाऊ पदार्थ) आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती दाट, ते पाहिलं की पकडला जातो.

पण मला खरं लिहायचंय ते एका निगेटिव्ह रिपोर्टबद्दल.

कॅन्सरच्या एका आजोबांना दुखण्यासाठी फेंटानिल या वेदनाशामकाचे, कातडीवर चिकटवायचे पॅच चालू होते. औषध शरीरात जातंय ना, हे पाहायला त्यांचा नमुना आमच्याकडे आला. मी पट्टी लावली, ठळक दोन रेषा. 'ओपिएट: निगेटिव्ह' असं टाइप केलं आणि पुढच्या बाटलीकडे वळले. तीन दिवसांनी त्यांची मुलगी काउंटरवर उभी. तिला विचारलं गेलं होतं, पॅच जातात कुठे? म्हणजे वडिलांच्या वाटचं औषध ती विकते, असा संशय. ती भांडायला आली नव्हती. तिनं पिशवीतून वापरलेले, घड्या घातलेले पॅच काढून काउंटरवर ठेवले. प्रत्येकावर पेनानं तारीख.

माझ्या पोटात गोळा आला. ओपिएटच्या पट्टीतली अँटिबॉडी मॉर्फिन ओळखायला घडवलेली. फेंटानिल पूर्ण कृत्रिम, त्याची ठेवणच निराळी, या पट्टीला ते दिसत नाही. मेथाडोन, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचंही तेच. प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी. पण चिठ्ठीवर ओपिएट मागितलं होतं, मी ओपिएट दिलं, आणि शेजारी 'फेंटानिल पॅच' असं लिहिलेलं वाचूनही बोट थांबलं नाही.

त्याच दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. ते आधी वैतागले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "वेगळी टेस्ट पाठवतो." फेंटानिलची तपासणी पॉझिटिव्ह आली. तो रिपोर्ट न्यायला मुलगीच आली. मी माफी मागितली, ती "असू दे" म्हणाली. पण रिपोर्ट तिथंच उभं राहून दोनदा वाचला तिनं.

तेव्हापासून ओपिएटच्या प्रत्येक रिपोर्टखाली मी एक ओळ घालते: ही प्राथमिक तपासणी आहे, कट-ऑफ अमुक, फेंटानिल, मेथाडोन, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन या पट्टीवर दिसत नाहीत. कागद भरतो, अशी कुरकुर होते. होऊ दे.

काल नवीन मुलीनं पट्टी उजेडात धरली, डोळे बारीक केले. "ताई, अगदीच पुसट आहे हो."

"पण आहे ना?"

"आहे."

"मग निगेटिव्ह लिही. आणि खालची ओळ खोडू नकोस."