तुम्ही विचारलंत म्हणून: अजून किती वर्षं पुराचंच करणार?

पुरात बुडालेल्या सायकलींच्या भंगारातून मी शिल्पं करते, आणि प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकते. "अगं, पूर होऊन इतकी वर्षं झाली, आता दगडात कर, ब्राँझमध्ये कर, हे भंगारच का?" विचारणारी बहुतेक आपलीच माणसं, मनापासून विचारतात, कळतं मला, पण दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते नव्याने सांगत नाही. बाजारपेठेतलं बाबांचं सायकलचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं, एवढंच. पाणी ओसरल्यावर बाबा पाच दिवस रॉकेलमध्ये चाकांचा एकेक हब, म्हणजे मधला तुंबा, धूत बसले, वाटीतून ग्रीसऐवजी गाळच बाहेर यायचा. सहाव्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं.

टेम्पो भरला होता, किलोचा हिशेब चालला होता आणि मी मागचा फाळका पाडून वाकडी चाकं खाली ओढायला लागले. त्या वेळी माझ्या मनात बाबा नव्हते, हे आज कबूल करते. मनात फक्त ते आकार होते, एका रिमचा तर पार आठचा आकडा झाला होता आणि मला तो सुंदर दिसला. बाबा दुकानाच्या पायरीवर उभे होते. ओरडले नाहीत. "माझं दुकान बुडालं ते तू लोकांना दाखवणार?" एवढंच म्हणाले. सगळी गल्ली बघत होती. मी काहीतरी बोलले, हे वाया जाऊ देणार नाही वगैरे, कॉलेजात शिकलेली भाषा, आणि ते आत निघून गेले. पुढे कितीतरी महिने माझ्या शेडकडे फिरकले नाहीत. पहिलं शिल्प विकलं त्याचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हा वाटायचं, मी बरोबर आहे, त्यांना कळत नाहीये. चंदीगडला नेकचंदांनी फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांतून अख्खी बाग उभी केली, फाळणीत गाव सुटलेला माणूस तो, हे मी घरात सगळ्यांना ऐकवत होते. पण नेकचंद कुणाच्या टेम्पोतून सामान ओढत नव्हते. हे मला फार उशिरा सुचलं.

भंगारात काम सोपं असतं असंही वाटतं लोकांना. सायकलच्या पाइपात गाळ अडकलेला असतो, तो ओला असताना वेल्डिंग केलं तर आत वाफ कोंडते आणि वितळलेलं लोखंड अंगावर उडतं. म्हणून आधी भोक पाडायचं, वाळवायचं, क्रोम घासून काढायचं. गंज मी काढत नाही, त्यावर हिरड्याचा काढा लावते, तो काळा पडतो आणि धरून राहतो, मग वरून जवसाचं तेल.

आणि कृपा करून 'जिद्द' म्हणू नका. बाजारपेठ उभी राहिली, खरंच राहिली, त्याचा मला अभिमान आहे, पण बाबांचं दुकान नाही उभं राहिलं, आणि ज्यांचं नाही राहिलं त्यांच्यासाठी काही करावं की नाही?

गेल्या पावसाळ्यात चाकांचा खांब करत होते, साडेआठ फुटी, दुकानात पाणी चढलं होतं तेवढा. चाकं वाऱ्यावर फिरतात, लंगडत. एका दुपारी जेवून आले तर बाबा स्टुलावर बसून स्पोकच्या चावीने खालच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते, अंगठा रिमजवळ धरून, कुठे घासतंय ते बघत, एका बाजूचा स्पोक कसायचा, समोरचा सैल करायचा. माझ्याशी बोलले नाहीत. अर्ध्या तासाने चाक सरळ फिरायला लागलं आणि ते उठून गेले.

मला ते लंगडतंच हवं होतं, पुरात झालं होतं तसं. पण परत वाकवायला हात गेला नाही. आता तेवढं एक चाक सरळ फिरतं, लोक विचारतात हे असं का, आणि मी नुसती हं म्हणते.

बाबा अजून प्रदर्शन बघायला आलेले नाहीत.