तो वाडा आणि माझी आजी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पुन्हा पुन्हा सांगत बसणार नाही. युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या पोराच्या फोनवर युद्धाचं काहीच कसं नाही, पिदहिर्त्सी नावाच्या खेड्यातला कुठला तरी जुना किल्लाच का, याचं तुम्हाला भारी नवल. फेब्रुवारी 2022 मध्ये पोलंडच्या सीमेवर, शेहिनीला मीही कुडकुडलोय हो. ते टीव्हीवर बघून झालंय तुमचं.

किल्ला पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरापासून साधारण 80 किलोमीटरवर. पोलंडचा सेनापती कोन्येत्स्पोल्स्की याने 1635 ते 1640 या काळात बांधला. बाहेरून खंदक-बुरूज, आत महाल. हे सगळे सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सरकारने तिथे टीबीचं सॅनेटोरियम काढलं, हे एका वाक्यात उरकतात, तेही तक्रारीच्या सुरात. 1956 मध्ये आग लागून आतलं वैभव गेलं, 1997 मध्ये ल्विव्हच्या कलादालनाकडे ताबा आला, की मग भिंतीत चिणलेल्या मालकिणीचं भूत. पहिल्या वर्षाला असताना मीही हेच म्हणायचो: एवढ्या महालात खाटा टाकल्या, वाट लावली!

एकदा तिथल्या अंगणातून घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोन आजीकडे दिला. तिला काय सांगणार सेनापतीचं? म्हटलं, ‘‘आजी, इथे पूर्वी टीबीचा दवाखाना होता.’’ ती गप्प. मग म्हणाली, ‘‘खिडक्या दाखव.’’ मी फोन वर धरला. ‘‘सकाळचं ऊन कुठून येतं?’’ मी सांगितलं. ‘‘आमच्या खाटा व्हरांड्यात असायच्या. थंडीतसुद्धा. रोज एक अंडं. मला ओकारी यायची, पण सिस्टर समोरून हलायची नाही.’’

आमच्या म्हणजे कुणाच्या, हे मला कळेना. आजी लग्नानंतर मिरजेजवळच्या सॅनेटोरियममध्ये होती, हे आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नव्हतं. बाबांना ठाऊक असावं, कारण मागून त्यांचा आवाज आला, ‘‘आई, पुरे.’’ ती थांबली नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं सांगायला लागली, तिच्या वेणीचं. तेवढ्यात फोन कापला गेला. रेंज गेली म्हणाले. माझ्याकडे रेंज पूर्ण होती. सुट्टीत गेल्यावर विचारलं, तर आजीने भाजी निवडता निवडता विषय बदलला. आता विचारायला ती नाही.

म्हणून म्हणतो, डागडुजी करताना एक तरी दालन खाटांसकट मांडा. यावर माझ्यातलाच विद्यार्थी मला हटकतो. मद्रासच्या टीबी केंद्राचा, घरी आणि सॅनेटोरियममध्ये औषधं घेणाऱ्यांची तुलना करणारा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं नीट घेतली तर गरिबाच्या खोलीतही टीबी जवळजवळ सॅनेटोरियमइतकाच बरा होतो, घरातल्यांनाही जास्त लागण होत नाही. म्हणजे एकदा गोळ्या आल्यावर ती हवा, ते ऊन, ते व्हरांडे यांची फारशी गरजच नव्हती. मग जपायचं काय, माणसांना उगाच लांब ठेवल्याची आठवण?

बरोबर आहे. पण त्या अभ्यासात घरी बरे झालेल्या रोग्यांना घरच्यांनी घरात ठेवून घेतलं होतं. आजीला सासरहून मिरजेला पोचवलं, तेव्हा परत कधी न्यायचं हे कुणी बोललंच नव्हतं, असं आत्या सांगते.