सतरा मीटरची शेवंड

माझा जन्म रबाळ्याच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, वॉचमन केबिन आणि मंडळांचे देखावे बनवण्यात गेला. त्यामुळे मेलबर्नहून ॲडलेडला गाडीने निघालो आणि जावई म्हणाला, "बाबा, वाटेत फायबरचा एक मोठा लॉबस्टर आहे, बघायचा का?" तेव्हा मी आधीच पट्टा लावून बसलो होतो.

ऑस्ट्रेलियात अशा वस्तूंचं पेवच फुटलंय. आपण देव मोठे करतो नाहीतर पुढारी. हे लोक केळं, मेंढी, कोळंबी, अननस मोठे करतात. कॉफ्स हार्बरचं सिमेंटचं केळं १९६४चं, फळांच्या स्टॉलपाशी गाड्या थांबाव्यात म्हणून बांधलेलं. धंद्याचं गणित सरळ आहे. रस्ता रिकामा, गाडी ताशी ११० किलोमीटरने. साधी पाटी वाचेपर्यंत दुकान मागे पडतं. पनवेलजवळ पळस्प्याला दत्त स्नॅक्सवाल्यांना दहा मीटरचा वडा उभारायची गरज नाही, बाहेरची गाड्यांची गर्दीच बोलते. तिकडे गर्दी आणणार कुठून?

वाटेत डॅड्सवेल्स ब्रिज या गावचा कोआला पहिला लागला. १४ मीटर उंच, पण चेहरा असा की पोर झोपेतून दचकून उठेल. एक फोटो काढला आणि निघालो.

किंग्स्टनची गोष्ट वेगळी. ॲडलेडच्या दक्षिणेला, समुद्राकाठचं हे गाव लॉबस्टरच्या मासेमारीवर जगणारं. तिथे १९७९ साली उभा केलेला 'लॅरी', १७ मीटर उंच, लाल-केशरी, पाय पसरून रस्त्याकडे तोंड करून. आमची बायको बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातली. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "अहो, याला नांग्या कुठेत? ही तर आपली शेवंड!" आणि खरंच, पुढे नुसत्या जाड, लांब मिशा. बनवणाऱ्याने प्राणी नीट बघितला होता.

मी मात्र खाली बघत होतो. असलं एकच नग असेल तर साचा परवडत नाही. आधी लोखंडाचा सांगाडा, वर जाळी, मग हाताने काचतंतूंची मॅट आणि चिकट रेझिन यांचे थर चढवायचे. काटे, पायांचे सांधे, शेपटीच्या पट्ट्या, सगळं असंच. मी बोटाने टकटक केली. जाड थराचा भरीव आवाज आला, कंजुषी केलेली नव्हती. "अहो, हात लावू नका, कोणी ओरडेल!" कोणी ओरडलं नाही, आसपास माणूसच नव्हतं. खाऱ्या हवेत असल्या कामाचा खरा शत्रू म्हणजे बारीक तडा. त्यातून पाणी आत जातं, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि वरचा थर सोलून काढतं. आमच्या ऐरोली खाडीकाठच्या टाक्या दहा वर्षांत हेच करतात. चाळिशी ओलांडलेला लॅरी उभा आहे म्हणजे कोणीतरी वेळोवेळी रंग आणि डागडुजी करतंय. देखावा बांधणाऱ्याचं सगळे कौतुक करतात, पण त्याच्या मागे पंचवीस वर्षांनी ब्रश घेऊन चढणाऱ्याला कोणी विचारत नाही.

जावयाने मग गोलबर्नच्या मेंढीचं सांगितलं. १९८५ साली बांधलेली, १५ मीटरची सिमेंटची. १९९२ साली हमरस्ता गावाबाहेरून गेला आणि गिऱ्हाईक आटलं. तेव्हा २००७ साली त्यांनी मेंढीच उचलली आणि बाहेर पडायच्या फाट्याजवळ नेऊन ठेवली! सिमेंटचं धूड न तडकता हलवणाऱ्या क्रेनवाल्याला मला भेटायचंय. जुन्या हायवेवरच्या किती हॉटेलवाल्यांना एक्सप्रेसवे झाल्यावर असं करता आलं असतं?

लॅरीसमोर उभं राहून हिने विचारलं, इथे खायला किती पडेल. जावयाने फोनवर भाव बघितला. तिकडचा बराच माल चीनला जातो, तेव्हा भावही त्याच हिशोबाने. आम्ही बटाट्याचे चिप्स घेतले. "दिवाळ्याला घेईन," ती म्हणाली आणि लॅरीकडे पाठ करून गाडीत बसली.