काळ्या मातीतलं घर

2024 च्या सप्टेंबरात आम्ही डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत घर बघायला सुरुवात केली. ओळखीतल्या सगळ्यांचा एकच धोशा: "सेलिनाला घ्या, पाच वर्षांत फ्रिस्को होईल!" पुण्यात वाकडला फ्लॅट घेतानाही हेच ऐकलं होतं, फक्त गावांची नावं वेगळी. पण म्हणणं अगदीच फोल नव्हतं. 2000 साली त्याच भागातल्या फ्रिस्को गावात 34 हजारसुद्धा लोक नव्हते, 2020 च्या जनगणनेत दोन लाखांवर गेले.

सेलिनाजवळच्या एका नव्या वसाहतीतलं मॉडेल होम बघून नवरा तिथेच विरघळला. पूर्वेकडे तोंड असलेल्या प्लॉटला वेगळे पैसे होते. आपल्या लोकांनी बिल्डरांना वास्तुशास्त्र बरोबर शिकवलंय!

रविवारी घर बघितलं ते ठीक, पण मंगळवारी सकाळी साडेसातला तिथून प्लेनोच्या ऑफिसला जाऊन बघितलं. डॅलसकडे जाणारा टोलवे तेव्हा 380 नंबरच्या हायवेपाशी सुरू व्हायचा, त्याच्या वरचं काम चालू होतं. तिथवर पोचेपर्यंतच चहा गार झाला. त्याच महिन्यात त्याच काउंटीतल्या प्रिन्स्टनने नव्या वसाहतींची परवानगी थांबवली, कारण घरं आधी आली आणि रस्ते, पाणी मागे राहिलं.

खरा धक्का कराचा. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, ती कसर घरपट्टीत निघते. सेल्सवालीने महिन्याचा हप्ता छापून दिला, तो आमच्या ऐपतीत होता. मग कळलं, त्यातला कर नुसत्या मोकळ्या जमिनीवर धरलेला. घर उभं राहिल्यावर पुढच्या वर्षी आकारणी घरासकट होणार आणि हप्ता फुगणार. त्यावर एमयूडीचा कर, म्हणजे वसाहतीसाठी पाणी आणि गटारं घालायला काढलेलं कर्ज रहिवाशांनीच फेडायचं. सगळं मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. साडेपाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला 13,750, सवलती धरायच्या आधी. जुन्या वस्तीत 1.7 टक्क्यांनी तेच 9,350. गाव वाढतंय त्याचं बिल आधी येणाऱ्याच्या नावावर फाटतं, हे तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही.

तिथून पुढे मी गावांची नावं बघणं सोडलं आणि नकाशावरच्या रेषा बघायला लागले. इथे शहराची हद्द वेगळी, शाळांच्या डिस्ट्रिक्टची वेगळी. पत्ता फ्रिस्कोचा आणि शाळा शेजारच्या प्रॉस्परची, असंही असतं. याचाच आम्हाला फायदा झाला. त्याच काउंटीतल्या मॅकिनीच्या नैऋत्य कोपऱ्यात 2004 चं घर मिळालं, शाळा फ्रिस्को आयएसडीची, म्हणजे फ्रिस्कोच्या शाळा-डिस्ट्रिक्टची, एमयूडी नाही. स्वयंपाकघर जुनाट, पण ते बदलता येतं.

परभणीहून बाबांचा पहिला प्रश्न, "अगं, सातबारा बघितलास का?" मालकीचे कागद तपासणारी टायटल कंपनी ते बघते म्हटल्यावर दुसरा, "जमीन कसली आहे?" मी मागच्या अंगणातली माती कॅमेऱ्यासमोर धरली. बाबा हसले. "ही तर आपली कापसाची काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. घराखाली मुरूम घातलाय का विचार."

खरंच, हा सगळा पट्टा काळ्या मातीचा, एके काळी इथेही कापूसच पिकायचा. या मातीवर थेट काँक्रीटचा स्लॅब ओतून त्यावर घरं. माती हलली की स्लॅब हलतो. टेक्सासात ऑप्शन पीरियड असतो: थोडे पैसे भरून काही दिवसांची मुदत घ्यायची, तेवढ्यात विनाकारणही माघार घेता येते. आम्ही सात दिवस घेतले. तपासनिसाला बेडरूमच्या दाराच्या कोपऱ्यातून वर गेलेली तिरपी चीर दिसली. मग वेगळे पैसे देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्याने घरभर पातळी मोजली आणि स्लॅब किंचित कललाय, पण दुरुस्ती लागणार नाही, असं लिहून दिलं. त्या कागदावर किंमत थोडी खाली आली. त्याची ताकीद एकच: उन्हाळ्यात भिंतीलगतची माती कोरडी पडू द्यायची नाही.

म्हणून घराभोवती झिरपणारी रबरी नळी टाकली आहे. झाडांना नव्हे, घराला पाणी घालतो आम्ही. मागच्या ऑगस्टात बाबा कॉलवर म्हणाले, "नातवाला नंतर दाखव, आधी भिंतीकडची माती दाखव." एक भेग होती, बोट जाईल एवढी. त्या रात्रीपासून नळी वीस मिनिटं जास्त चालते.