पोटभर, पण परवडेल असं

आमच्या आते-मामे भावंडांच्या ग्रुपवर अधूनमधून कुणाला तरी सगळ्यांना भेटायचा उमाळा येतो. तारीख ठरता ठरत नाही आणि जागेचं तर विचारूच नका. कुणी अंधेरीला, कुणी डोंबिवलीला, एक घर पनवेलला. एकाचा चतुर्थीचा उपास, दुसऱ्याला चिकनशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मग कुणीतरी लिहितं, "बुफे करू या ना, ज्याला जे हवं ते खाईल." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि मागून ओळ येते, "फक्त जरा स्वस्तातला बघ रे." हे काम न सांगता माझ्या गळ्यात पडलेलं असतं.

बुफे मुंबईत पैशाला पासरी आहेत. परवडणारा शोधणं म्हणजे दादरला स्टेशनाजवळ स्वस्तात जागा शोधण्यासारखं. जाहिरातीत किंमत ठळक आणि तिच्यापुढचं 'पासून' बारीक. ती किंमत मंगळवार-बुधवारच्या दुपारची, म्हणजे नोकरदार माणूस जाऊच शकत नाही अशा वेळेची. शनिवार-रविवारचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा, सणासुदीचा विचारायचा नाही. मुलांना निम्मे पैसे, पण मूल कितव्या वर्षापर्यंत मूल धरायचं याबद्दल प्रत्येक हॉटेलचं स्वतंत्र मत. वर कर. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लागतो; पण ते रेस्टॉरंट खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जाणाऱ्या हॉटेलात असेल, तर अठरा. म्हणजे दोन हजारांचा बुफे तोंडात घास जाण्याआधीच २,३६० रुपयांना पडला. सेवाशुल्क सक्तीने लावता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी बिलावर ती ओळ दिसली की सगळ्या पाहुण्यांदेखत "हे काढा" म्हणायला जीभ रेटत नाही, तो भाग निराळा.

उपनगरातल्या एका ठिकाणी मी ताटली घेण्याआधी सगळं टेबल एकदा नुसतं फिरून पाहिलं. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. दारातच सूप, त्याच्या शेजारी पावाचे गरम गोळे आणि लोण्याच्या वड्या. पुढे पाणीपुरी, तिथे गर्दी. मग सॅलडचे दहा-बारा वाडगे, बहुतेकांत कोबी. मग नूडल्स, मग जिरा राईस, मग दाल. इथपर्यंत येताना ताटली भरलेली असते. पनीर सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यावर असं जड झाकण की एका हाताने ते उचलून धरावं लागतं. दुसऱ्या हातात ताटली. डाव धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. डावाचीही गंमत बघा. भातात फावड्याएवढा आणि पनीरच्या रश्श्यात आमटीचा चमचा बरा म्हणावा इतका. तळलेल्या माशाच्या ट्रेमध्ये तेवढा लिंबू उरलेला, आणि शेजारी उभा असलेला मुलगा अदबीने सांगतो, "दोन मिनिटांत आणतो, सर." ती दोन मिनिटं उलटेपर्यंत माणूस नूडल्स खातो.

शिवाय तीनदा त्याच ट्रेपाशी गेलं की आपल्यालाच ओशाळं वाटायला लागतं. कुणी काही म्हणत नाही, पण चौथ्यांदा पाय वळत नाही. माझं तर ठाम मत झालंय, की बुफेवाला आपला हिशेब गिऱ्हाइकाच्या पोटावर बांधतच नाही, लाजेवर बांधतो. म्हणूनच आदल्या रात्रीपासून उपाशी राहणाऱ्यांचं मला हसू येतं. कडकडून भूक लागलेला माणूस सूप आणि पावातच गारद होतो. त्यापेक्षा सकाळी दोन इडल्या खाऊन जावं, डोकं ठिकाणावर राहतं.

टेबलावरच शेगडी मांडून सळया आणून देणाऱ्या हॉटेलांनी या लाजेवर तोडगा काढला. बार्बेक्यू नेशन २००६ मध्ये मुंबईतच सुरू झालं. तिथे टेबलावरचा छोटा झेंडा उभा असेपर्यंत वाढणं चालू, पाडला की बंद. उठायचं नाही, मागायचं नाही. आमचा बारावीतला भाचा झेंड्याला हात लावू देत नाही.

पण पोटभर आणि परवडेल असं एकाच वेळी हवं असेल, तर मी मंडळींना गोड बोलून बुफेवरून थाळीकडे वळवतो. काळबादेवीला जिना चढून गेलं की १९४५ पासूनचं ठाकर भोजनालय. त्याच भागात फ्रेंड्स युनियन जोशी क्लब; नावात क्लब असला तरी आत ताट, वाट्या आणि गरम फुलके. माटुंगा स्टेशनाला लागून रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेलं श्रीकृष्ण बोर्डिंग. ही दुकानं चैनीसाठी निघालीच नव्हती. कापडबाजारातला गुमास्ता, दक्षिणेकडून आलेला कारकून, असा बायकामुलं गावी ठेवून आलेला एकटा पुरुष रोज दोन वेळा कुठे जेवणार, त्याची ही सोय. गिरणगावात हेच काम घराघरांतल्या बायकांनी केलं. एकेका खोलीत पाच-पंचवीस गिरणी कामगारांची खानावळ चालायची. त्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. महिन्याच्या बोलीवर रोज येणारा माणूस भुकेपुरतं खातो, म्हणून त्याला पोटभर वाढणं परवडतं. कधीतरी येणारा मात्र वसुलीच्या तयारीने येतो. बुफेचे दर चढे असण्याचं एक कारण तिथेही असावं.

माटुंग्याला केळीच्या पानावरचं अमर्याद जेवण बुफेपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतं. कूपन घ्यायचं, बाकावर बसून नंबराची वाट बघायची. मागे उभं राहून आपल्या पानाकडे टक लावणारा पुढचा गिऱ्हाईक ही तिथली एकच अडचण. पानावर पाणी शिंपडून हात फिरवेपर्यंत भाज्या येऊन पडतात. भाताला मधोमध आळं करायचं, नाहीतर रसम पळत जाऊन शेजारच्या पापडाला गाठतं. एकदा बालदी घेऊन आलेला वाढपी लाजायला वेळच देत नाही. नको असेल तर पानावर दोन्ही हात आडवे धरायचे. नुसत्या "पुरे, पुरे" ला तिथे कुणी विचारत नाही. थाळीच्या मोठ्या हॉटेलांत तर कप्तान लांबूनच बोटांची खूण करतो आणि आपण मान वर करायच्या आत वाटीत आमरस पडलेला असतो.

आमच्या मोठ्या आत्याला मात्र हे अजिबात पसंत नाही. तिला मधुमेह. आग्रह करणारा माणूस दिसला की तिच्या पोटात गोळा येतो. बुफेत कुणी बघत नाही, कुणी "अजून एक घ्या" म्हणत नाही, म्हणून तिला तोच हवा. मागच्या खेपेस तिने दोन ढोकळे, जरा काकडी आणि वाटीभर दहीभात घेतला, डोळा चुकवून गुलाबजामाचा अर्धा तुकडा घेतला आणि तासभर भाचेसुनांशी गप्पा मारत बसली. माणशी आठशे रुपये आणि वर कर. मी हळूच म्हटलं, "आत्या, तुझे पैसे काही वसूल झाले नाहीत." ती भाच्याच्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याने केलेत की माझे." आणि खरंच, मालकाचा सगळा धंदा या दोघांच्या बेरजेवर चाललेला. तो सळया संपवतो, ती दहीभात खाते आणि दोघांची मिळून सरासरी त्याला परवडते. पुढच्या भेटीला भाचा आणखी दोन मित्र आणणार आहे. तेव्हा आत्याच्या वयाच्या दोन-तीन काकू जमवाव्या लागतील.