पुढचा ग्रिफी

आज बेसमेंट आवरायला घेतलं, बेसबॉल कार्डांचा (खेळाडूंचे फोटो छापलेली पुठ्ठ्याची कार्डं) खोका हाती लागला आणि आवरणं तिथंच संपलं.

नव्वदच्या सुमारास न्यू जर्सीतल्या आम्हा शाळकरी पोरांचा हा शेअर बाजार होता. नावाजलेल्यांत मजा नव्हती, पैसे लावायचे ते नवख्या खेळाडूंच्या कार्डांवर. कार्डांचे भाव छापणारं महिन्याचं 'बेकेट' मासिक आलं की कोण चढला, कोण पडला यावर स्कूलबसमध्ये खल. आई म्हणायची, "पुठ्ठ्याचे तुकडे रे ते!"

अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचात एक नंबरचं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. छापलं तेव्हा पोरगा मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग, बेसबॉलची सर्वोच्च पातळी) एक सामनाही खेळलेला नव्हता; फोटोतली टोपीसुद्धा रंगवून त्याच्या सिएटल मरिनर्स संघाची केलेली! पोरगा मोठा खेळाडू झाला, तो डाव लागला आणि सगळे पुढचा ग्रिफी शोधत सुटले. माझी भिस्त टॉड व्हॅन पॉपेलवर (हसू नका, गाजावाजा झालेला हा पिचर पुढे फारसा चमकला नाही). मित्राची ब्रायन टेलरवर. १९९१ मध्ये नवे खेळाडू निवडताना (ड्राफ्टमध्ये) न्यूयॉर्कच्या यांकीज संघानं टेलरला सर्वांत आधी निवडलं, साडेपंधरा लाख डॉलर बोनस दिला. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा गेला. मोठ्या लीगमध्ये तो कधी उतरलाच नाही.

खरं तर भाव पाडले छापखान्यांनी. जुनी कार्डं महाग, कारण तेव्हाच्या आयांनी ती केरात टाकली. आमची कंपन्यांनी ढिगानं छापली, आम्ही सगळ्यांनी प्लास्टिकमध्ये जपली. मग दुर्मीळ काय राहणार?

व्हॅन पॉपेल कुणाला हवा असेल तर सांगा, पोस्टानं पाठवतो. ग्रिफी मागू नका.